धाबे उतरवायची वेळ: आपल्या बोर्डिंगच्या छपराविषयी



मागच्या अंकात बाळापूरच्या आपल्या बोर्डिंगच्या जुन्या इमारतीचे छप्पर बदलण्यासाठी मदतीची विनंती छापली होती. त्यानंतर काही मंडळ्यांतून प्रश्न आले. धाब्याची घरे शंभर वर्षे टिकतात म्हणतात, मग ते काढता का? वरून पुन्हा माती टाकून अजून दोन-चार वर्षे निघणार नाहीत का? आणि काढायचेच तर सरळ स्लॅब का टाकत नाही? प्रश्न रास्त आहेत. कष्टाच्या पैशातून देणाऱ्यांना त्याचे उत्तर मिळालेच पाहिजे. ते मी येथे जमेल तसे सविस्तर देत आहे.

धाबे कसे असते

शास्त्र वाचणाऱ्यांना धाबे नवे नाही. पेत्र दुपारी प्रार्थनेला धाब्यावर गेला (प्रेषितांची कृत्ये 10), राहाबेने हेरांना धाब्यावर लपवले (यहोशवा 2), आणि कफर्णहूमात चौघांनी छप्पर उकरून पक्षघाती माणसाला प्रभूपुढे खाली सोडले (मार्क 2). त्या देशातली घरे आणि आपल्या वऱ्हाडातली जुनी घरे यांची रीत एकच. जाड भिंती, त्यावर लाकूड, लाकडावर काड्या-पाला आणि सर्वात वर माती.

आपल्याकडे भिंतींवर सागाच्या तुळया टाकतात. त्यावर जवळजवळ कड्या, कड्यांवर फळ्या किंवा फाटे, त्यावर पळसाची पाने, तुराट्या, पऱ्हाट्या. मग चिखलाचा थर आणि शेवटी पांढरी माती. काळी माती वर कधीच टाकत नाहीत, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पांढरी माती दाबून बसते आणि पाणी लवकर आत जाऊ देत नाही. धाब्याला थोडा उतार देऊन पाणी पन्हाळांतून बाहेर काढतात.

अकोल्याचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांपुढे जातो. अशा वेळी मातीच्या जाड थराखालची खोली थंड राहते. पाऊस बेताचा, वर्षाला साधारण 750 ते 800 मिलिमीटर. म्हणून सपाट छप्पर इथे चालून गेले. धाबे ही वाईट वस्तू आहे असे मी मुळीच म्हणत नाही. आमच्या बोर्डिंगच्या त्या खोल्यांत मे महिन्यातही पंख्याशिवाय बसता येत होते.

मग बिघडते कुठे?

धाब्याला दरवर्षी माणसाचा हात लागतो. मृग लागण्याआधी वर चढून गवत उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, भेगा भरायच्या, पन्हाळ मोकळे करायचे आणि पांढऱ्या मातीचा पातळ हात द्यायचा. जुनी माती खरवडून मगच नवी टाकायची, असा जाणत्यांचा नियम होता. पण खरवडण्याचे काम कष्टाचे आणि टाकण्याचे सोपे. त्यामुळे बहुतेक घरांवर थरावर थर चढत गेले. आमच्या इमारतीवर मूळ थर सहा-सात इंचांचा असावा. आज काही ठिकाणी तो दीड फूट भरतो.

याचा हिशेब करून पाहा. एक फूट जाडीच्या ओल्या मातीचे वजन दर चौरस फुटाला सुमारे 50 किलो होते. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे पाच टन. दीड फूट झाली की साडेसात टन. एवढा भार झेलणाऱ्या तुळयांची टोके भिंतीत गाडलेली असतात. तिथे ओल मुरते, वाळवी लागते, आणि ते बाहेरून दिसत नाही. वरून माती टाकली की गळती एखाद्या वर्षापुरती थांबते, पण खालच्या पोखरलेल्या लाकडावर भार वाढतो. म्हणूनच "अजून थोडी माती टाका" हा सल्ला आम्ही या वेळी मानला नाही. गळती थांबवणारा उपायच घर पाडतो.

जड माळवदाखाली काय होऊ शकते हे महाराष्ट्राने 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला पाहिले. सात हजारांहून अधिक माणसे गेली. माती-दगडाच्या भिंती आणि त्यावरचे मातीचे जड छप्पर झोपलेल्या कुटुंबांवर कोसळले. नंतर जी घरे सावरता येण्याजोगी होती, त्यांच्या माळवदावरची माती कमी करणे हा मजबुतीकरणाचा एक भाग होता. वऱ्हाडात भूकंपाची भीती तेवढी नाही. आपल्याकडे धोका श्रावण-भाद्रपदातल्या झडीचा असतो. चार दिवस पाऊस लागून राहिला की माती पाणी धरते आणि छप्पर सर्वात जड नेमके तेव्हा होते.

गेल्या श्रावणात आमच्या कोठीघरातली एक कडी मोडली आणि धान्याच्या पोत्यांवर मातीचा ढीग आला. दुपारची वेळ होती, मुले शाळेत होती. प्रभूने राखले. त्या दिवसापासून मुले त्या इमारतीत झोपत नाहीत. ती प्रार्थनेच्या हॉलमध्ये दाटीवाटीने झोपतात, आणि रविवारी उपासनेआधी अंथरुणे गुंडाळून व्हरांड्यात ठेवतात.

दिवाळीनंतर मेळघाटातून मुलाला पोहोचवायला आलेले एक कोरकू वडील धाब्याकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, आमच्याकडं पाणी छपरावर थांबतच नाही. इथं तुम्ही ते डोक्यावर घेऊन झोपता?" मेळघाटात पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. म्हणून तिथल्या घरांना लाकडी खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती आणि उतरते छप्पर असते. त्यांचे म्हणणे मला पटले.

तीन पर्याय

पहिला स्लॅब. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस फुटाला 30 किलोच्या आसपास. हे आजच्या मातीपेक्षा कमी आहे, हे खरे. पण आमच्या भिंती पक्क्या विटांच्या असल्या तरी जोडाई मातीची आहे, आणि खाली काळी जमीन. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. अशा भिंतींवर सलग काँक्रीट टाकले तर ते तडकण्याची भीती. नीट करायचे तर पाया खोदून पिलर उभे करावे लागतील, म्हणजे नवी इमारतच झाली. शिवाय साध्या स्लॅबखाली मे महिन्यात रात्रीही भट्टी असते.

दुसरा कवेलूचा. इंग्रजी कवेलू आपल्या ख्रिस्ती वाचकांना जवळचे वाटावे. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला त्याचा कारखाना काढला, आणि त्यातून अनेकांना रोजगार मिळाला. हे छप्पर हलके आणि बऱ्यापैकी थंड असते. पण वानरांनी आमच्या भागात कवेलूंचे काय केले आहे हे बाळापूर-पातूरकडच्या कोणालाही विचारा. दर पावसाळ्यात फुटके कवेलू बदलायला माणूस वर चढवावा लागेल, म्हणजे पुन्हा तीच निगा.

तिसरा उतरत्या पत्र्याचा, आणि आम्ही तोच घेतला आहे. लोखंडी सांगाडा धरूनही त्याचे वजन दर चौरस फुटाला दोन-अडीच किलोच्या आत राहते. जुन्या भिंतींना हे सहज पेलते. पत्र्याचे दोष दोन: तो तापतो आणि वादळात उडतो. दोन्हींवर इलाज आहे. वरचा रंग पांढरा ठेवायचा, आणि खाली एक फूट अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांची आढी करायची. मधली गरम हवा वरच्या टोकाच्या फटीतून निघून जाते. तट्टे विणायला मुलांचे पालकच येणार आहेत, आणि त्यांना त्याची मजुरी दिली जाईल.

काम कसे होणार

आधी प्रत्येक तुळईखाली टेकू. मग माती मधून दोन्ही बाजूंना सारखी उतरवायची. एका कोपऱ्यात ढीग करायचा नाही, कारण एकीकडे भार गेला की भिंत कलते. उतरवणाऱ्यांनी थेट मातीवर उभे न राहता आडव्या फळ्यांवर उभे राहायचे. ही माती शेतकरी शेतात टाकायला नेतील. चांगला निघालेला साग बाके आणि दारांसाठी ठेवू.

भिंतींचे वरचे दोन-तीन सैल थर काढून चारही भिंतींवरून सलग सळईचा काँक्रीटचा पट्टा ओतायचा. या कामातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. हा पट्टा चार भिंतींना एकत्र बांधतो, आणि त्यातच बसवलेल्या बोल्टांना लोखंडी सांगाडा कसला जातो. मग वैशाखातल्या वावटळीत छप्पर उडत नाही. पत्र्याचे स्क्रू रबरी वायसरसह उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही, नाहीतर तिथूनच पाणी उतरते. भिंतीबाहेर दोन फूट पागोळी ठेवायची, म्हणजे मातीची जोडाई भिजत नाही.

आणखी एक लाभ आहे. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा बाळापूर तालुक्यापर्यंत येतो. विहिरी आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याचा त्रास इथल्या घराघराला माहीत आहे. धाब्यावरचे पाणी गढूळ, ते वाया जात होते. पण हजार चौरस फूट स्वच्छ पत्र्यावर वर्षभरात जवळजवळ 70 हजार लिटर पाणी पडते. पहिल्या सरींचे पाणी सोडून आणि गळती वजा करून 50 हजार लिटर तरी टाकीत साठवता येईल. ते गाळून, उकळून मुलांना प्यायला गोडे पाणी मिळेल.

वेळ थोडा आहे

विदर्भातल्या शाळा मेमध्ये सुटतात आणि जूनच्या अखेरीस उघडतात. पाऊस त्याआधीच येतो. म्हणजे माती उतरवण्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सारे सहा आठवड्यांत व्हायला हवे. छप्पर उघडे असताना पैशासाठी काम थांबले तर भिंतीही जातील. म्हणून पूर्ण रक्कम जमल्याशिवाय कुदळ लावायची नाही असे कमिटीने ठरवले आहे. ती पुनरुत्थानाच्या सणापर्यंत जमली नाही तर येत्या वर्षी नव्या मुलांना प्रवेश देता येणार नाही, कारण हॉलमध्ये आता एकही अंथरूण अधिक मावत नाही. अंदाजपत्रक आणि इंजिनिअरचा अहवाल कार्यालयात कोणालाही पाहता येईल.

वाचकांपैकी ज्यांची स्वतःची धाब्याची घरे आहेत त्यांनी या उन्हाळ्यात एवढे जरूर पाहावे. तुळई मधे वाकली आहे का, भिंतीत शिरते तिथे लाकडाचा भुसा किंवा ओलीचा डाग आहे का, तुळईखाली भिंतीला उभी भेग आहे का, दार अचानक घट्ट बसू लागले का. यातले एकही दिसले तर वर माती टाकू नका. टेकू द्या, जादा माती उतरवा आणि पावसात त्या खोलीत झोपू नका.

अनुवादाच्या 22 व्या अध्यायात देवाने इस्राएलाला आज्ञा दिली, की नवे घर बांधाल तर धाब्याला कठडा करा, नाहीतर तिथून कोणी पडला तर रक्तपाताचा दोष तुमच्या घरावर येईल. देवाने घराच्या छपराचा विचार केला, आणि त्याखाली व त्यावर वावरणाऱ्यांचा जीव घरमालकाच्या हवाली केला. ही मुले दुसऱ्याची असली तरी त्यांच्या आईबापांनी ती आपल्या हवाली केली आहेत.

प्रार्थनेचे विषय: काम करणाऱ्या मजुरांची सुरक्षितता. पावसाआधी काम पूर्ण व्हावे. हॉलमध्ये झोपणाऱ्या मुलांचे आरोग्य. प्रवेशाची वाट पाहणारी मेळघाट आणि पातूरच्या डोंगरातली कुटुंबे.