कार्बन उलटतो तेव्हा

१८९६ साली रिगा शहरात पाउल वाल्डेन यांनी मॅलिक आम्ल घेतलं. ध्रुवीकृत प्रकाशाचं प्रतल डावीकडे वळवणारं. त्यातला हायड्रॉक्सिल गट काढून त्यांनी क्लोरीन बसवला, मग सिल्व्हर ऑक्साइड वापरून पुन्हा हायड्रॉक्सिल आणला. हाती आलं मॅलिक आम्लच; पण आता ते प्रकाश उजवीकडे वळवत होतं! वाटेत कुठेतरी तो गट धरून ठेवणारा कार्बन उलटला होता.

कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे रोखलेले असतात, सुमारे १०९.५ अंशांच्या अंतराने. एक एस आणि तीन पी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनच्या वावराची क्षेत्रं) मिसळून चार सारखी संकरित ऑर्बिटल होतात, ही उपपत्ती लिनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये मांडली. बारावीला आपण ‘एसपी३’ पाठ करतो आणि ते त्या कार्बनचं कायमचं लक्षण समजतो. या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तिथेच निसटते, असं मला वाटतं. संकरण अणूवर मारलेला शिक्का नाही. अणूभोवतीची रचना बदलली की तेही बदलतं.

मग कार्बन उलटतो कसा? नवा गट येतो तो निघणाऱ्या गटाच्या बरोबर मागून, कारण तुटणाऱ्या बंधाचं रिकामं प्रतिबंधी ऑर्बिटल तिकडेच पसरलेलं असतं. त्यात इलेक्ट्रॉन शिरू लागले की जुना बंध सैलावतो. उरलेले तीन बंध सपाट होत एका प्रतलात येतात, १२० अंशांवर. त्या निमिषात कार्बन जवळजवळ एसपी२ असतो, म्हणजे एक एस आणि दोनच पी मिसळलेले. उरलेल्या पी ऑर्बिटलच्या एका बाजूला येणारा, दुसऱ्या बाजूला जाणारा. मग वाऱ्याने छत्री उलटावी तसे तिन्ही बंध पलीकडे झुकतात आणि कार्बन पुन्हा एसपी३ होतो.

हे सिद्ध कसं करायचं? १९३५ मध्ये एडवर्ड ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २-आयोडोऑक्टेनमधला आयोडीन किरणोत्सारी आयोडीनने बदलला. प्रकाश वळवण्याची क्षमता अदलाबदलीच्या दुप्पट वेगाने घटत होती. दुप्पटच का? उलटलेला एक रेणू स्वतःचं वळण तर गमावतोच, शिवाय न उलटलेल्या दुसऱ्याचं वळणही रद्द करतो. म्हणजे प्रत्येक अदलाबदल उलटूनच होत होती. इतका नेमका पुरावा रसायनशास्त्रात क्वचितच मिळतो.

कार्बनला तीन मोठे गट चिकटलेले असले, की मागची वाट बंद होते. मग जुना गट आधी निघून जातो, कार्बन काही काळ खराखुरा सपाट एसपी२ राहतो आणि नवा गट दोन्हीकडून येऊ शकतो. अशा वेळी बहुतेकदा डावी-उजवी दोन्ही रूपं मिसळून हाती येतात.