पाठभार, पदभ्रमणातील

अनेक दिवसांच्या पदभ्रमणात निवारा, अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी, अन्न, पाणी व इंधन यांसह प्रवाशाला स्वतःच्या पाठीवर वाहून न्यावे लागणारे ओझे म्हणजे पाठभार होय. एका दिवसाच्या सहलीत शिदोरी व पाण्याची बाटली एवढ्यावर भागते. परंतु मुक्काम वाढले म्हणजे ओझे झपाट्याने वाढते आणि चालण्याचा वेग, सुरक्षितता व आनंद ही तिन्ही त्यावर अवलंबून राहतात. पाठभाराचा विचार करताना त्याचे दोन भाग पाडतात. प्रवासभर कायम राहणाऱ्या वस्तूंचे वजन म्हणजे मूळभार आणि दररोज घटत जाणाऱ्या अन्न, पाणी व इंधन यांचे वजन म्हणजे उपभोग्य भार. पाश्चात्त्य पदभ्रमणात ९ किग्रॅ.हून कमी मूळभाराला हलका, ४·५ किग्रॅ.हून कमी भाराला अतिहलका व २·३ किग्रॅ.हून कमी भाराला परम हलका म्हणण्याचा प्रघात आहे. हे आकडे २०, १० व ५ पौंड या सोयीच्या पूर्णांकांवरून आलेले आहेत. त्यांना शरीरशास्त्राचा काही विशेष आधार आहे असे नाही.

शारीरिक परिणाम : ओझ्यासह चालताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचे गणित अमेरिकेतील लष्करी संशोधनातून पुढे आले. पँडॉल्फ व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या समीकरणात शरीराचे वजन, ओझे, वेग, चढ व वाटेचे स्वरूप हे घटक येतात. त्यानुसार ६० किग्रॅ. वजनाची व्यक्ती १० टक्के चढाच्या साधारण पाऊलवाटेवर ताशी ३ किमी. वेगाने चालत असता १० किग्रॅ. ओझ्यासह तिला सु. ४२६ वॉट, तर २० किग्रॅ. ओझ्यासह सु. ४८८ वॉट इतकी ऊर्जा लागते. म्हणजे ओझे दुप्पट झाले, तरी खर्च सातव्या हिश्श्यानेच वाढतो. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटेल. परंतु तो दिवसाचे सहा-सात तास व सलग काही दिवस सोसावयाचा असतो. शिवाय या समीकरणात खांदे, कंबर व गुडघे यांवरील ताणाचा समावेश नाही. उतारावर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यांवर येणारा आघात आणि अरुंद कड्यावर जड सॅकमुळे जाणारा तोल यांमुळे होणारे नुकसान ऊर्जेच्या मापाने मोजता येत नाही. ओझे शरीरावर कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. पायांत वाहिलेले वजन पाठीवरील तेवढ्याच वजनाच्या सु. पाचपट महाग पडते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून वजनदार चामडी बुटांऐवजी हलके बूट वापरणे ही भार कमी करण्याची एक अत्यंत फलदायी रीत ठरते.

इतिहास : स्वेच्छेने हलके हिंडण्याचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्टपणे मांडला गेला. ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणारे अमेरिकन लेखक जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स (१८२१–९०) हे अंगकाठीने लहान व क्षयाने ग्रासलेले होते. अवजड सामान उचलणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांच्यासाठी बांधलेल्या एका होडीचे वजन अवघे पावणेपाच किग्रॅ. होते आणि होडी, पांघरूण व दोन दिवसांचे अन्न धरून त्यांचे ओझे सु. १२ किग्रॅ.हून अधिक नसे. त्यांचा वुडक्राफ्ट हा ग्रंथ १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये व्यवसायाने शिंपी असलेले टॉमस हायरम होल्डिंग (१८४४–१९३०) यांनी सायकलवरून नेता येतील असे रेशमी तंबू तयार केले. हिमालयात एरिक शिप्टन (१९०७–७७) व बिल टिलमन (१८९८–१९७७) यांनी १९३४ मध्ये अंगथारके, पासंग व कुसंग या तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या आतील खोऱ्यात प्रवेश मिळविला. शेकडो हमालांच्या तत्कालीन मोहिमांच्या तुलनेत हा लवाजमा नगण्यच होता.

एमा गेटवुड (१८८७–१९७३) या अमेरिकन महिलेचे उदाहरण सर्वांत अधिक सांगितले जाते. अकरा मुलांच्या या मातेने वयाच्या ६७ व्या वर्षी, १९५५ मध्ये, सु. ३,५०० किमी. लांबीची ॲपालॅचियन वाट एका हंगामात एकटीने पूर्ण केली. तिच्याजवळ तंबू नव्हता, स्लीपिंग बॅग नव्हती. स्वतः शिवलेली जाड्याभरड्या कापडाची पडशी, एक घोंगडी, पावसासाठी स्नानगृहाचा प्लॅस्टिकचा पडदा व पायांत कापडी बूट एवढाच सरंजाम होता. या पराक्रमाचे वर्णन करताना एक गोष्ट बहुधा निसटते. या वाटेवर ठिकठिकाणी बांधलेले आडोसे असून गेटवुड यांना वाटेवरील घरांतूनही अन्न व आसरा मिळत असे. त्यांच्या पडशीत नसलेला तंबू आडोशांच्या रूपाने वाटेवर उभाच होता. भार हलका करण्याच्या कोणत्याही योजनेत काढून टाकलेली वस्तू पुढे कोण पुरविणार, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.

आधुनिक काळात या विचाराला पद्धतीचे रूप दिले ते रे जार्डीन यांनी. विमानविद्येतील अभियंता व गिर्यारोहक असलेल्या जार्डीन यांनी पत्नी जेनी हिच्यासह सु. ४,२६५ किमी. लांबीची पॅसिफिक क्रेस्ट वाट अनेकदा पार केली व १९९२ मध्ये त्या वाटेचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. तंबूऐवजी ताडपत्रीसारखा पातळ कापडी आडोसा, स्लीपिंग बॅगऐवजी केवळ वरून घ्यावयाची दुलई, जड बुटांऐवजी धावण्याचे बूट व घरी शिवलेली सॅक हे त्यांच्या पद्धतीचे विशेष होत. पुढे याच कल्पनांवर हलक्या साहित्याचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला. वस्तू घरी शिवून व वगळून भार घटविण्याची चळवळ महागड्या खरेदीकडे वळली, हा त्यातील विरोधाभास होय.

भार घटविण्याच्या रीती : पहिले साधन म्हणजे तराजू. प्रत्येक वस्तू वजन करून यादीत मांडली असता सॅक, निवारा व अंथरूण-पांघरूण या तीन बाबीच मूळभाराचा मोठा हिस्सा व्यापतात, असे दिसून येते. जुन्या पद्धतीची चौकटीची सॅक २·५ किग्रॅ., तंबू ३ किग्रॅ., कृत्रिम धाग्यांची स्लीपिंग बॅग २ किग्रॅ. व मॅट ०·५ किग्रॅ. धरल्यास बेरीज ८ किग्रॅ. होते. त्यांच्या जागी चौकटीविना सॅक, सिलिकोनलेपित नायलॉनचा आडोसा, पिसांची दुलई व फोमची तुकड्याएवढी मॅट घेतल्यास हेच काम सु. २·६ किग्रॅ.त होते. दात घासण्याच्या ब्रशची दांडी कापण्यासारखे उपाय चर्चेत फार असतात; त्यांनी वाचणारे काही ग्रॅम एका अनावश्यक लिटर पाण्यापुढे नगण्य आहेत. बदलांचा क्रमही महत्त्वाचा असतो. आतील सामान कमी झाल्याखेरीज हलकी सॅक घेऊ नये. चौकट नसलेल्या सॅकमध्ये १५ किग्रॅ. भरल्यास सगळा भार खांद्यांवर येतो.

एका वस्तूकडून दोन कामे करून घेणे ही दुसरी रीत. चालण्याच्या काठ्या रात्री आडोशाचे खांब होतात, रिकामी सॅक पायांखालची मॅट होते, जादा कपड्यांची उशी होते. सोबत्यांनी तंबू, स्टोव्ह व औषधपेटी वाटून घेतल्यास खर्चाविना भार घटतो. तरीही एकाच गटात तीन स्टोव्ह व चार चाकू निघणे हा नित्याचा अनुभव आहे. कपड्यांत बदलण्यासाठी एक कोरडा जोड पुरेसा असतो आणि तो झोपण्यासाठी राखून ठेवावयाचा असतो.

अन्न, इंधन व पाणी : दिवसाला ३,००० किलोकॅलरी लागतात असे धरल्यास, दर ग्रॅमला ३·५ किलोकॅलरी देणाऱ्या अन्नाचे रोज सु. ८६० ग्रॅम, तर ४·५ किलोकॅलरी देणाऱ्या अन्नाचे सु. ६७० ग्रॅम वजन वाहावे लागते. चार दिवसांत हा फरक पाऊण किग्रॅ. होतो. स्निग्ध पदार्थांपासून ग्रॅममागे ९, तर कर्बोदके व प्रथिने यांपासून सु. ४ किलोकॅलरी मिळतात. म्हणून तूप व शेंगदाणे ओझ्याच्या दृष्टीने स्वस्त पडतात. या बाबतीत मराठी घरातील प्रवासाचे पदार्थ शास्त्राला धरून आहेत : चिक्की, तुपातील लाडू, सातूचे पीठ, भाजलेले पोहे, मेतकूट यांत पाण्याचा अंश अत्यल्प असून बहुतेकांना शिजविण्याचीही गरज नसते. याउलट ताजी फळे व डबाबंद भाज्या म्हणजे मुख्यतः पाणीच वाहणे होय. हिमालयात आणखी एक अडचण येते. सु. ४,००० मी. उंचीवर पाणी ८७° से.च्या आसपासच उकळते; तेथे डाळ शिजविण्यात इंधन वाया जाते व ते इंधनही पाठीवरच आलेले असते.

स्पिरिटचा छोटा स्टोव्ह शीतपेयाच्या रिकाम्या डब्यापासूनही बनविता येतो व त्याचे वजन नाममात्र असते. परंतु वजनागणिक स्पिरिटपासून ब्यूटेन-प्रोपेन वायूच्या सु. ६० टक्केच उष्णता मिळते. त्यामुळे दोन-तीन दिवसांसाठी स्पिरिट व लांबच्या प्रवासासाठी वायू हलका पडतो. हलकेपणा हा वस्तूचा अंगभूत गुण नसून प्रवासाच्या लांबीशी जोडलेला असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पाण्याला पर्याय नाही आणि एक लिटर म्हणजे एक किग्रॅ. हे माप बदलत नाही. येथे भार घटतो तो केवळ माहितीने. सह्याद्रीतील किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी आहेत. परंतु त्यांतील कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे आहे व ते मार्च-एप्रिलपर्यंत टिकते काय, हे गावातील माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो दोन लिटरवर निभावतो. ज्याला ठाऊक नाही त्याने पाच लिटर वाहिलेलेच बरे.

मर्यादा : इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या डोंगराळ भागात मार्च १९६४ मध्ये झालेल्या ‘फोर इन्स’ चालण्याच्या स्पर्धेत पाऊस, वारा व थंडी यांनी गाठल्याने तीन तरुण स्काउट मृत्यू पावले. एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेतील शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू (१९०९–९४) यांनी या घटनेचा अभ्यास केला. भिजलेल्या कपड्यांची उष्णतारोधक शक्ती वाऱ्यात मोठ्या प्रमाणात घटते आणि थकव्याने चाल मंदावली की शरीरात निर्माण होणारी उष्णताही तीच वेळ साधून कमी होते, हे त्यातून स्पष्ट झाले. शरीराचे आंतरिक तापमान ३५° से.च्या खाली गेले म्हणजे हातापायांवरील ताबा सुटू लागतो व त्याबरोबर विवेकही मंदावतो. त्यामुळे संकटात सापडलेल्या माणसालाच त्याची जाणीव होत नाही. हा धोका हिमप्रदेशापुरता मर्यादित नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर, वाऱ्यात तासन्‌तास भिजलेल्या सुती कपड्यांतील माणसालाही तो संभवतो. जुन्या लोकरी घोंगडीचे वजन तिच्या विरोधात जात असले, तरी भिजल्यावरही ती काहीशी ऊब देते. पिसांच्या दुलईचा फुगवटा मात्र भिजताच बसतो व तिचा उपयोग संपतो. म्हणून पर्जन्यकवच, कोरडा जोड, विजेरी, होकायंत्र व नकाशा, प्रथमोपचाराचे साहित्य आणि एका वेळचे राखीव अन्न यांवर वजनाची काटकसर करणे अयोग्य मानले जाते. जार्डीन यांचा आडोसाही वाऱ्याची दिशा व जमिनीचा उतार पाहून जागा निवडणाऱ्याच्या हातीच तंबूचे काम देतो.

महाराष्ट्रात व हिमालयात : महाराष्ट्रातील दुर्गभ्रमंतीत तंबूविना प्रवास पूर्वापार रूढ आहे. हरिश्चंद्रगड व रतनगड यांवरील गुहा, गडावरील मंदिरे व पायथ्याच्या गावातील घराची ओसरी यांमुळे निवाऱ्याचे ओझे वाचते. मात्र सुट्टीच्या दिवशी गुहा आधीच भरलेली असल्यास हा हिशेब चुकतो. अनेक गावांत जेवणाची सोय पैसे देऊन होते. त्यामुळे प्रवाशाचा भार घटतो व गावाला उत्पन्न मिळते.

हिमालयातील संघटित पदभ्रमणात सहभागी व्यक्ती पाठीवर थोडकेच सामान घेऊन हलकेपणाने चालते. तंबू, शिधा व गॅसची टाकी खेचरांवर अथवा हमालांच्या पाठीवर असते. नेपाळमधील नामचे बाजारकडे माल नेणाऱ्या हमालांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कपाळावरील नामलो या पट्ट्याने डोको नावाची टोपली पेलणारे पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के व स्त्रिया ६६ टक्के ओझे वाहत होत्या. ते संथ चालत व वारंवार विश्रांती घेत; त्यांचा ऊर्जेचा खर्च पाठपिशवी वाहणाऱ्या पाश्चात्त्य व्यक्तीच्या तुलनेने कमी आढळला. परंतु काटकपणाचा हा पुरावा ओझ्याचे समर्थन ठरत नाही. टांझानियात किलिमांजारोवर हमालाच्या ओझ्यावर २० किग्रॅ.ची मर्यादा घालण्यात आली असून वाटेवर वजन करून ती तपासली जाते. मोहिमेचा पाठभार मोजताना तराजूवर सर्वांची ओझी ठेवली, तर प्रवाशाने घरी सोडलेल्या प्रत्येक किलोग्रॅमचा अर्थ बदलतो : जादा खुर्ची, जादा पुस्तके किंवा तिसरा कपड्यांचा जोड त्याच्या स्वतःच्या सॅकमध्ये नसला, तरी चढावर तो कोणीतरी वाहतच असतो.