वास्तव्याचा हक्क आणि कामाची परवानगी : ब्रिटनमधील रोमानियन व बल्गेरियन स्थलांतरित (२००७ ते २०१३)

भारतीय राज्यघटनेचे कलम १९ काढून पाहा. देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य आणि कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य ही दोन वेगळ्या उपखंडांत दिलेली आहेत. आपल्याला दोन्ही एकत्र मिळतात, म्हणून त्यांतील फरक सहसा लक्षात येत नाही. हे दोन हक्क कायद्याने अलग केले तर काय होते, हे या पाठात एका उदाहरणावरून पाहू.

पार्श्वभूमी

२००४ मध्ये मध्य व पूर्व युरोपातील आठ देश युरोपीय संघात आले. ब्रिटनने त्यांच्या कामगारांना केवळ नोंदणीच्या अटीवर लगेच प्रवेश दिला आणि अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक आले. १ जानेवारी २००७ रोजी रोमानिया व बल्गेरिया संघात आले, तेव्हा ब्रिटनने सावध पवित्रा घेतला. प्रवेश करारानुसार जुन्या सदस्य देशांना कामगारांवर तात्पुरते निर्बंध ठेवता येत होते. त्यांची मुदत २ + ३ + २, म्हणजे जास्तीत जास्त ७ वर्षे होती. स्वीडन व फिनलंड यांनी ही सवलत वापरली नाही. ब्रिटनने ती पूर्ण सात वर्षे वापरली.

प्रश्न १ : राहता येते का?

संघाच्या कोणत्याही नागरिकाला वैध पासपोर्ट किंवा ओळखपत्रावर पहिले तीन महिने राहता येत असे. त्यानंतर तो कामगार, स्वयंरोजगारी, विद्यार्थी किंवा स्वतःच्या पैशावर राहणारा असावा लागे. शेवटच्या दोघांना आरोग्य विमाही आवश्यक होता. इतर सदस्य देशांच्या नागरिकांना ‘नोकरी शोधणारा’ म्हणूनही राहता येई. कामाच्या परवानगीची अट लागू असलेल्या रोमानियन व बल्गेरियन नागरिकांना हा आधार नव्हता.

प्रश्न २ : काम करता येते का?

याचे उत्तर व्यक्तीच्या गटावर अवलंबून होते.

१. स्वयंरोजगारी : कामासाठी परवानगी लागत नसे.
२. विद्यार्थी : पिवळे नोंदणी प्रमाणपत्र घेतल्यावर आठवड्याला २० तास, सुट्टीत ही मर्यादा नसे.
३. उच्च कौशल्यधारक : निळे प्रमाणपत्र मिळाल्यास कोणतीही नोकरी.
४. इतर नोकरदार : काम सुरू करण्यापूर्वी जांभळे ‘वर्कर कार्ड’. ते ठरावीक मालक व ठरावीक कामापुरतेच चाले.
५. शेतीतील हंगामी मजूर : वेगळ्या योजनेखाली जास्तीत जास्त सहा महिने.

बारा महिन्यांचा हिशेब

सलग १२ महिने कायदेशीर नोकरी केली की परवानगीची अट कायमची संपत असे. मधले खंड मिळून ३० दिवसांपर्यंत चालत.

उदाहरण : समजा, एका रोमानियन आचाऱ्याने जांभळ्या कार्डावर नऊ महिने काम केले आणि हॉटेल बंद पडले. नवा मालक आणि नवे कार्ड मिळायला ४५ दिवस लागले. आता मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होईल. आधीचे नऊ महिने वाया. त्याहून गंभीर बाब म्हणजे, त्या ४५ दिवसांत तो कामगार या गटात मोडत नाही आणि ‘नोकरी शोधणारा’ हा गट त्याला बंद आहे. म्हणजे नोकरी सुटली की वास्तव्याचा आधारही सुटतो. असा माणूस मालकाशी पगारावरून वाद घालील का, याचा विचार करा.

परिणाम

एकच वाट मोकळी असली की लोक त्याच वाटेने जातात. एकाच इमारतीवर काम करणारे दोन बल्गेरियन सुतार घ्या. पहिला स्वतःची हत्यारे आणतो, कामाचा दर स्वतः ठरवतो, नुकसान झाले तर सोसतो. तो खरा स्वयंरोजगारी. दुसऱ्याच्या कामाच्या वेळा, पद्धत आणि मजुरी ठेकेदार ठरवतो. फक्त कागदावर ‘स्वयंरोजगार’ लिहिले आहे. कायदा कागदापेक्षा प्रत्यक्ष संबंध पाहतो. दुसरा सुतार नोकरदार ठरला तर विनापरवाना कामाचा गुन्हा त्याच्यावर आणि ठेकेदारावर, दोघांवरही येतो. तोपर्यंत किमान वेतन व सवेतन रजा या गोष्टीही त्याच्या हाती पडत नाहीत.

३१ डिसेंबर २०१३ रोजी हे निर्बंध संपले. जुन्या नोंदींचे महत्त्व मात्र राहिले, कारण कायमस्वरूपी वास्तव्यासाठी पाच वर्षांचे सलग कायदेशीर वास्तव्य दाखवावे लागे.

सारांश

राहण्याचा हक्क आणि काम करण्याचा हक्क हे स्वतंत्रपणे तपासावेत. तुमच्यापैकी कोणी पदवीच्या शिक्षणासाठी ब्रिटनला गेले, तर विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तासांचीच मर्यादा असते आणि स्वयंरोजगाराला मनाई असते. नोकरी स्वीकारण्यापूर्वी व्हिसावरील अटी ओळीने वाचा.

स्वाध्याय

१. वरील आचाऱ्याला नवी नोकरी २५ दिवसांत मिळाली असती तर मोजणीवर काय परिणाम झाला असता?
२. सहा महिन्यांच्या हंगामी कामातून १२ महिन्यांची अट का पूर्ण होत नसे?
३. अन्न पोहोचवणारा कामगार स्वयंरोजगारी की नोकरदार? दोन सुतारांचे निकष लावून लिहा.