कूटलेखन, माहितीसंचातील
संगणकात साठविलेली गोपनीय माहिती किल्लीवाचून वाचता येऊ नये, अशा रूपात बदलण्याची क्रिया. एककिल्ली पद्धत (उदा., ‘एईएस’, २००१) जलद असल्याने मोठ्या संचांस सोयीची असते, द्विकिल्ली पद्धत (‘आरएसए’, १९७७) मंद असल्याने मुख्यतः किल्ल्या सुरक्षितपणे पोहोचविण्यास वापरतात. संपूर्ण संचाच्या कूटलेखनाने चोरीस गेलेली तबकडी निरुपयोगी होते, पण प्रवेशाधिकार बळकावणाऱ्यास माहिती उघडच दिसते. स्तंभवार कूटलेखनाने हा धोका घटतो, मात्र शोध अवघड होतो. समान मजकुरास समान कूट दिल्यास शोध सुलभ होतो, पण पुनरावृत्ती उघड होते. टेंभली (जि. नंदुरबार) येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी आरंभ झालेल्या ‘आधार’ योजनेत, क्रमांक साठविणाऱ्या संस्थांना २०१७ मध्ये ते स्वतंत्र कूटबद्ध संचात व किल्ल्या वेगळ्या सुरक्षित उपकरणात ठेवण्यास सांगण्यात आले, कारण किल्ली माहितीलगत राहिल्यास कोणतीही पद्धत निष्फळ ठरते.