संगणकाची देखभाल : खिडकीमागील एक सेवा

सकाळचे साडेदहा वाजले आहेत. पहिल्या बसने गावाहून आलेला एक शेतकरी कचेरीच्या खिडकीपाशी उभा आहे. त्यास खसऱ्याची नक्कल हवी आहे. केळीच्या बागेसाठी बँकेकडून कर्ज घ्यावयाचे आहे. आतून उत्तर येते, "कॉम्प्युटर बंद आहे, दुपारनंतर या." दुपारनंतर येणे म्हणजे त्या दिवसाचे काम बुडणे, आणि तरीही नक्कल मिळाली नाही तर उद्याचेही बुडणे. आतील लिपिक मात्र एव्हाना दूरध्वनी करून मोकळा झालेला असतो : "कॉम्प्युटरवाल्याला पाठवा."

हा 'कॉम्प्युटरवाला' कोण, तो काय करतो आणि त्याच्या कामात आपण साऱ्यांनी कोणता हातभार लावावा, याची माहिती ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक या तिन्ही वर्गांतील वाचकांस व्हावी, हा या लेखाचा उद्देश आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडातून वेगळा होऊन बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या कारभाराची वाढ आणि कागदी नोंदी संगणकावर जाण्याची प्रक्रिया अशा रीतीने एकाच काळात घडली. त्यातच मध्य प्रदेश शासनाने २०१० साली लोकसेवांच्या प्रदानाची हमी देणारा अधिनियम केला. त्यान्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक असून, सबळ कारणावाचून विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडाची तरतूद आहे. मुदत मोजणारा कायदा आहे, परंतु ती मुदत पाळली जाणे हे पुष्कळदा टेबलाखालच्या एका तारेवर अवलंबून असते. ती तार पाहणारा माणूस म्हणजे हा तंत्रज्ञ होय.

प्रथम प्रश्न, मग पेचकस

या तंत्रज्ञाच्या पिशवीत पेचकस, मऊ कुंचला, तारांची तपासणी करणारे छोटे उपकरण, एखादा जादा माउस आणि आवश्यक प्रणाली साठवलेला पेनड्राइव्ह एवढाच सरंजाम असतो. त्याचे खरे साधन म्हणजे प्रश्न विचारण्याची पद्धत. यंत्र केव्हापासून बंद आहे? त्यापूर्वी काय केले होते? पडद्यावर कोणते शब्द आले? बहुतेक ठिकाणी पहिले उत्तर ठरलेले असते : "काहीच केले नाही, आपोआप बंद पडले." या उत्तरामागे बहुधा लबाडी नसते, भीती असते. आपल्या हातून शासकीय यंत्र बिघडले असे कोणी म्हणू नये, म्हणून कर्मचारी गप्प राहतो. अनुभवी तंत्रज्ञ हे ओळखतो आणि रागावत नाही. चहा सांडला होता हे त्यास पाच मिनिटांत कळले तर कळफलक बदलून काम भागते. ते कळलेच नाही तर दोष शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि खिडकीबाहेरील रांग तशीच उभी राहते.

वीज, धूळ आणि उष्मा

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर आहे. मागांच्या वस्तीत कापसाचे सूक्ष्म तंतू हवेत तरंगत असतात. संगणकाच्या आत उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखा असतो. तो बाहेरील हवा ओढतो आणि हवेबरोबर हे तंतूही आत येतात. काही महिन्यांत पंख्यामागील धातूच्या पात्यांवर त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेला की, तापलेला संगणक स्वतःस वाचविण्यासाठी प्रथम मंद चालतो आणि शेवटी बंद होतो. लोक म्हणतात, "जुना झाला, नवा मागवा." प्रत्यक्षात पुष्कळदा कुंचला आणि अर्ध्या तासाची सवड एवढेच पुरते.

विजेची बाबही अशीच आहे. वीज गेल्यावर काही मिनिटे आधार देणाऱ्या यूपीएसमधील बॅटरी साधारणतः दोन ते तीन वर्षांत क्षीण होते, उष्ण खोलीत त्याहूनही लवकर. ती वेळेवर बदलली नाही तर डबा जागेवर दिसतो, दिवाही लागतो, परंतु वीज जाताच संगणकही जातो आणि अर्धवट भरलेला अर्ज नाहीसा होतो. भिंतीतील भूसंपर्कन, ज्यास आपण अर्थिंग म्हणतो, ते नीट नसल्यास यंत्रास हात लावताच झिणझिण्या येतात. हा दोष संगणकाचा नसून इमारतीच्या वायरिंगचा आहे. तो विजेच्या कारागिराकडूनच दुरुस्त करून घ्यावा लागतो. उंदरांनी तारा कुरतडणे, मुंग्यांनी उबदार जागा पाहून आत घर करणे, हेही नित्याचेच. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्रचंड गणनयंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला होता आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला होता. यंत्रे आता टेबलावर मावू लागली, तरी किड्यांचा उपद्रव संपलेला नाही.

घड्याळ मागे पडते तेव्हा

एक दोष असा आहे की, त्याने सुशिक्षितांचीही फसगत होते. संगणकाच्या मुख्य पट्टीवर बिंदीएवढी नव्हे, पण रुपयाच्या नाण्याएवढी तीन व्होल्टची एक बॅटरी असते. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की, संगणक सुरू करताच त्यावर अनेक वर्षांपूर्वीची तारीख दिसू लागते. शासनाची व बँकांची सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवितात आणि त्या प्रमाणपत्रास मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेरची असल्यास संगणक ते प्रमाणपत्र नाकारतो आणि 'हे स्थळ सुरक्षित नाही' असा इशारा देतो. मग इंटरनेट कंपनीस दोष दिला जातो, तक्रार भोपाळपर्यंत जाते. तंत्रज्ञ येतो, कोपऱ्यातील तारीख पाहतो, अल्प किमतीची बॅटरी बदलतो आणि काम सुरू होते. कोपऱ्यातील तारीख पाहणे हे मात्र कोणासही जमण्यासारखे आहे.

दोन भाषा, अनेक लिपिसंच

बऱ्हाणपुरातील तंत्रज्ञास एक अडचण विशेष जाणवते, कारण हा जिल्हा दोन राज्यांच्या सीमेवर आहे. येथील कचेऱ्यांचा व्यवहार हिंदीत चालतो. अनेक घरांत मराठी बोलली जाते, आणि नातीगोती, शेतमाल व शिक्षण यांमुळे जळगाव, बुलढाण्याकडील कागदपत्रे येथे सतत येत असतात. दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच, तरीही एका संगणकावर टंकलेले पत्र दुसऱ्यावर वाचता येत नाही, असा अनुभव अनेकांस आला असेल.

याचे कारण समजण्यासारखे आहे. हिंदी टंकलेखनात रुळलेल्या कृतिदेव अथवा मराठीतील श्रीलिपी यांसारख्या जुन्या लिपिसंचांत संगणक देवनागरी अक्षर साठवीतच नाही. तो दुसरेच चिन्ह साठवितो आणि त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवितो. कृतिदेवमध्ये 'काम' हा शब्द टंकला, तर आत डी, के आणि ई ही तीन रोमन अक्षरे असतात. तो लिपिसंच नसलेल्या संगणकावर हा मुखवटा गळून पडतो आणि पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. ग्राहक म्हणतो, व्हायरस आला. तंत्रज्ञास ठाऊक असते की, यंत्रास काहीही झालेले नाही.

यावर उपाय म्हणून समान संकेत ठरविण्याचे प्रयत्न पूर्वीच झाले. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा समान कळफलक प्रमाणित केला. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक आले, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीस प्रत्येक अक्षरागणिक स्वतःचे स्थान मिळाले. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर कोणत्याही संगणकावर वा भ्रमणध्वनीवर तसाच दिसतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने उपलब्ध आहेत. तथापि जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते व युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. म्हणून रूपांतरानंतर वेलांटी व रफार डोळ्यांखालून घालणे अगत्याचे असते.

मराठीपुरती आणखी एक गोष्ट. आपल्या शहराच्या 'बऱ्हाणपूर' या मराठी नावातील अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये दोन रीतींनी उमटविता येतो. डोळ्यास दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणकास ती वेगळी वाटू शकतात. एका रीतीने नोंदविलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधल्यास 'नोंद आढळली नाही' असे उत्तर येते. 'गोऱ्हे' किंवा 'कऱ्हाडे' आडनावाच्या माणसास आपली नोंद सापडू नये, यात त्याचा काही अपराध नाही. अशा वेळी अर्जदारास परत पाठविण्यापूर्वी आद्याक्षरे, क्रमांक अथवा पित्याच्या नावाने शोध घेऊन पाहावा.

नोंदी हीच खरी मालमत्ता

यंत्र बिघडले तर नवे विकत घेता येते. त्यातील नोंदी विकत मिळत नाहीत. साठवणीची तबकडी केव्हा निकामी होईल हे सांगता येत नाही, आणि ती निकामी झाल्यावर "काहीतरी करा" असे म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहणे, हा या व्यवसायातील सर्वांत कठीण प्रसंग होय. म्हणून जाणकार एक साधा नियम सांगतात : महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत असावी. ही प्रत अधूनमधून उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे आत धान्य आहे की भुसा, हे न पाहता कणगीस कुलूप लावण्यासारखे आहे.

प्रणालीचे अद्ययावतीकरण हाही देखभालीचाच भाग आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी प्रणालीने जगभरातील संगणकांतील नोंदी कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांची कामेही त्यामुळे खोळंबली. या उपद्रवापासून रक्षण करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये, उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती बसविली ते वाचले. विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. ज्या कचेऱ्या व शाळांत ती अद्याप चालू आहे, त्यांनी याची वेळीच दखल घ्यावी.

देखभालीचा जुना धडा

देखभालीचे महत्त्व बऱ्हाणपूरकरांस निराळे सांगावयास नको. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात येथे कुंडी भंडारा बांधण्यात आला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत वाहिनीतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्याची ही योजना. वाहिनीवर ठिकठिकाणी उभ्या कुंड्या आहेत. त्यांतून हवा व उजेड आत जातो आणि माणसास स्वच्छतेसाठी उतरता येते. पाण्यातील चुन्याचे थर साचून वाहिनी अरुंद होते. बांधणाऱ्यांनी पाणी नेण्याबरोबर माणूस आत उतरण्याचीही सोय केली, म्हणून ही योजना टिकली. संगणक बसविताना मात्र आपण यंत्राची किंमत मंजूर करतो आणि देखभालीची रक्कम 'पुढे पाहू' म्हणून ठेवतो.

प्रत्येकाने काय करावे

अधिकाऱ्यांनी वर्षारंभीच बॅटऱ्या, स्वच्छता व नोंदींच्या प्रती यांसाठी तरतूद करावी, आणि चूक सांगणाऱ्या कर्मचाऱ्यास दटावू नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस टंकलेखन युनिकोडमध्येच शिकवावे, तसेच बिघाड झाल्यास पडद्यावरील शब्द जसेच्या तसे लिहून घेण्याची सवय लावावी. तेवढ्या एका चिठ्ठीने तंत्रज्ञाचा तास वाचतो. कोणीही आपला परवलीचा शब्द अथवा भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी दुसऱ्यास सांगू नये. खरा तंत्रज्ञ ते मागत नाही. दूरध्वनीवरून अनोळखी माणसाने 'दुरुस्तीसाठी' एखादे ॲप बसविण्यास सांगितल्यास नकार द्यावा, आणि पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

आणि ग्रामस्थांनी एवढे ध्यानात ठेवावे : यंत्र बंद असले तरी आपला हक्क बंद पडत नाही. अधिसूचित सेवेसाठी अर्ज दिल्यावर त्याची पोच अवश्य मागून घ्यावी. सेवा केव्हापर्यंत मिळावयाची ती तारीख त्या पोचेवर असते. ती घडी घालून जपून ठेवावी आणि तारीख उलटल्यास तीच दाखवावी.