समुद्राच्या पातळीखालचे राज्य

विमानातून उतरलो तो थेट तळ्याच्या तळाशी! ॲमस्टरडॅमचा स्खिपोल विमानतळ समुद्रसपाटीच्या सुमारे ३ मीटर खाली आहे. तेथले विस्तीर्ण तळे वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ साली कोरडे केले. नेदरलँड्सची, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या हॉलंडची, सुमारे चौथाई भूमी अशीच समुद्राहून खोल आहे.

राजधानी ॲमस्टरडॅम, पण सरकार हेगला. राजे विलेम-अलेक्झांडर २०१३ पासून गादीवर आहेत. कारभार संसदेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ पाहते. असे इतरत्रही आढळेल. मला नवल वाटले ते पाणीमंडळांचे. बांध, कालवे, पंप सांभाळणारी यांतली पहिली मंडळे तेराव्या शतकातली. त्यांची निवडणूक वेगळी आणि करही वेगळा! शेजाऱ्याशी सख्य असो वा वैर, बांध दोघांचा.

तरीही ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत शिरलाच. १,८३६ माणसे बुडाली. मग खाड्यांच्या मुखांशी धरणे उठली. १९९७ साली रॉटरडॅमजवळ वादळात आपोआप मिटणारी दोन अजस्र दारे बसली. त्यांच्या आड युरोपातले सर्वांत मोठे बंदर आहे. फुले आणि चीज यांची निर्यात तर आपण ऐकून आहोतच.

ग्रोनिंगेनला १९५९ साली सापडलेल्या वायूने घरोघर ऊब दिली, पण उपशापायी धरणीकंप होऊ लागले. २०२४ मध्ये ते क्षेत्र बंद झाले. पंप मात्र बंद करता येत नाहीत. पाणी उपसले की दलदलीची माती वाळते, वाळली की खचते, आणि खचली की पुन्हा उपसा!