गाळात उतरलेलं रान

फ्रान्सच्या आल्प्समध्ये २०६३ मीटर उंचीवर आंतेर्न नावाचं तळं आहे. आज त्याच्या काठी झाडी नाही. चहूकडे कुरणं, वर उघडे कडे. डोंगर पहिल्यापासून असाच असणार, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं, हे तळ्याच्या गाळानं दाखवून दिलं.

पाऊस आणि वितळतं बर्फ उतारावरची माती तळ्यात आणतात. तिच्याबरोबर कुजकी पानं, मुळांचे तंतू आणि त्यांच्या फुटक्या पेशींतला डीएनए येतो. उघड्यावर तो लवकर नष्ट होतो. पण चिकणमातीच्या कणांना चिकटून थंड, काळोख्या तळाशी दबला, की हजारो वर्षं टिकतो! आपण विहिरीचा गाळ उपसून फेकून देतो. इथे मात्र उभी नळी खुपसून, थर विस्कटू न देता तो वर काढतात. जितकं खोल, तितकं जुनं.

डीएनए टिकतो, पण तुकड्यातुकड्यांत. मग झाड ओळखायचं कसं? ग्रनोबलच्या पिएर ताबर्ले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हरितलवकाच्या डीएनएतला एक इवलासा भाग सुचवला, अवघ्या १० ते १४३ अक्षरांचा. त्याच्या दोन्ही कडा बहुतेक वनस्पतींत जवळजवळ सारख्या, म्हणून तो हाती लागतो. मधली अक्षरं मात्र वेगवेगळी, म्हणून ओळख पटते. कधी थेट प्रजातीची, कधी नुसत्या कुळाची.

परागकण मोजून जुन्या रानांचा अंदाज बांधण्याची रीत याहून जुनी, १९१६ पासूनची, स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांची. ती आजही मोलाची आहे. पण पाइनचा पराग हवेच्या दोन पिशव्या घेऊन जन्मतो आणि दरीतल्या वाऱ्यावर कुठच्या कुठे चढतो. तो तळ्यात सापडला, म्हणून झाड काठावरच होतं असं म्हणता येत नाही. गाळातला डीएनए मुख्यतः तळ्याच्याच पाणलोटातला असतो.

आंतेर्नच्या गाळात सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या थरांपाशी चित्र झपाट्यानं पालटतं. डोंगरी रान आणि उंच वाढणाऱ्या वनस्पती मागे पडतात, झुडपी माळ आणि चराईची कुरणं येतात. त्याच गाळात मेंढ्यांचा आणि गाईंचाही डीएनए मिळाला आहे. मला सगळ्यांत थक्क करतं ते हे: लोहयुगाच्या अखेरीस आणि रोमन काळात जंगलतोड आणि बेसुमार चराई यांमुळे या उतारांची धूप सर्वाधिक झाली. उतार बोडके करणाऱ्या कळपांची खूण, त्याच उतारांवरून वाहून आलेल्या मातीनं सांभाळून ठेवली.